कर्टुल्याचा नर वेल कुणाकडं आहे का? (बदल्यात भुईचाफा, अडेनियम, वाळकाचं बी)

गच्चीवाली_लातूर
नमस्कार मंडळी. घरामागच्या पट्ट्यात आणि गच्चीवर मिळून माझ्याकडं कर्टुल्याचे (काटेरी फळाची रानभाजी, काहीजण कंटोली म्हणतात) बरेच वेल झालेत, सगळे बदलाबदलीतूनच आलेले, कुणी औशाहून कंद दिला कुणी उदगीरहून, आणि यंदा पाऊस वेळेवर पडल्यामुळं मांडव नुसता भरून गेलाय. फुलं रोज संध्याकाळी उमलतात, फुलाखाली ती बारीक काटेरी बोंडी पण असते, आणि दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळून जाते. एकही कर्टुलं हाती नाही. शेजारच्या काकू म्हणल्या नजर लागली, मिस्टर म्हणले खत कमी पडलं. काल टॉर्च घेऊन एकेका वेलाचं फूल उलटं करून बघितलं तर सगळ्यांना बोंडी! म्हणजे सगळ्या माद्या, नर एकपण नाही.

तर नर वेल असेल कुणाकडं तर सांगा. माझ्याकडं द्यायला भुईचाफ्याचे कंद आहेत (उन्हाळ्यात पान यायच्या आधी मातीतून डायरेक्ट फूल येतं तो), अडेनियमची बियांपासून केलेली रोपं, गावरान वाळकाचं (काकडीसारखं फळ) बी, आणि ब्रह्मकमळाची पानं तर पोत्यानं न्या. विकत काही द्यायचं-घ्यायचं नाही, बदलीच करायची आहे.

निवांत_नांदेड
भुईचाफ्यावर माझा पहिला नंबर लावून ठेवा ताई. नर मात्र नाही. माझ्याकडं एकच वेल आहे आणि त्याला दरवर्षी थोडी कर्टुली लागतात, म्हणजे आजूबाजूला कुणाच्या तरी पडक्या वाड्यात नर असणार, पण कुठं ते माहीत नाही. रात्री लोकांच्या कुंपणात टॉर्च मारत फिरलो तर मलाच धरून नेतील.

परभणी_बियाणं
मी कृषी विद्यापीठात शिकायलोय, हा विषय आमच्याकडं नेहमी निघतो. गच्चीवाली ताई, तुमच्या इथं झालंय ते सगळीकडंच होतंय. कर्टुल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, आणि कंद लावला की आई जशी तसंच लेकरू, मादीच्या कंदाला मादीच येणार. बी पेरलं तर साधारण निम्मे नर निघतात पण ते फूल येईपर्यंत कळत नाही. आता लोक काय करतात, फळ येत नाही म्हणून नर उपटून टाकतात आणि जो वेल फळं देतो त्याचाच कंद पाहुण्यारावळ्यांना वाटतात. तुम्हाला औशाहून दिला त्यांनी चांगल्या मनानं चांगल्यातलाच दिला, उदगीरवाल्यांनीपण तसंच केलं. सगळ्यांनी चांगलंच दिलं म्हणून तुमचा मांडव रिकामा. आठ-दहा माद्यांमागं एक नर पुरतो, पण तो एक पाहिजेच.

सिल्व्हर नायट्रेटची फवारणी करून मादी वेलावर नराचा भाग असलेली फुलं आणता येतात, संशोधनात ते झालेलं आहे, पण ते केमिकल घरी हाताळायचं काम नाही. कुणी यूट्यूब बघून करू नका.

शहागंजवाला
अरे भाई माझ्याकडं आहे ना नर, एकदम तगडा वेल, ऑनलाइन मागवला होता. औरंगाबादहून (आता संभाजीनगर म्हणा) पाठवतो. बदल्यात अडेनियम पाहिजे, लाल नको, डबल पाकळीचा असेल तर सांगा.

परभणी_बियाणं
@शहागंजवाला, त्याचं फूल किती वाजता उमलतं? आणि पान केवढं?

शहागंजवाला
सकाळी. आम्ही चहा प्यायला बसतो तेव्हा फुललेलं असतं. पान हाताएवढं.

परभणी_बियाणं
मग ते आपलं कर्टुलं नाही, बंगाल-आसामकडचं मोठ्या फळाचं काकरोल असणार. आपलं डोंगरातलं कर्टुलं दिवस मावळता उमलतं, त्याला वास येतो आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. तुमचा सकाळचा गडी आणि ताईंची संध्याकाळची फुलं, गाठ पडायची कशी?

शहागंजवाला
म्हणजे माझ्या नराला शिफ्ट बदलून पाहिजे 😄 बरं भाई. अडेनियमचं तरी बघा.

गच्चीवाली_लातूर
शहागंजवाले दादा, डबल पाकळीचं कलम आहे माझ्याकडं पण एकच आहे. बियांची रोपं घ्या, रंग कुठला निघेल ते मात्र सांगू शकत नाही, आईचा रंग येईलच असं नसतं, रंग पक्का पाहिजे तर कलमच लागतं. बी धरायचं असेल तर एक सांगते, शेंगा जोडीनं येतात आणि पिकल्या की दुपारच्या उन्हात फुटतात, बियांना दोन्ही टोकाला पिसं असतात, वाऱ्यावर शेजाऱ्याच्या गच्चीत जातात. शेंग फुगली की तिला दोरा गुंडाळून टाकायचा. आणि काळ्या मातीत अजिबात लावू नका, विटेचा चुरा, जाड वाळू, थोडं शेणखत, बास. पाण्यानं सडतो तो, उन्हानं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती तेव्हा झाडांना कुठलं पाणी घालणार, आमच्या गच्चीवरचं सगळं गेलं, अडेनियम तेवढे पानं टाकून उभे राहिले.

माळावरचा
राम कृष्ण हरी. आंबाजोगाईहून. ताई, नर आहे आमच्या बांधाला, लावलेला नाही, आपोआप आलेला. वडील दरसाल म्हणायचे हा वांझोटा वेल काढून टाक, पण तिथं बोरीचे काटे लई, कोण हात घालणार, म्हणून राहिला. संध्याकाळचाच फुलतो, खाली बोंडी नाही, आणि मादी वेल दोन बांध सोडून आहे तिला कर्टुली लागतात.

पण आत्ता कंद उकरून देणार नाही. भर पावसाळ्यात कंद काढला की वेल बी जातो आणि कंद बी सडतो. दिवाळी झाली की वेल वाळतो, कंद झोपतो, तेव्हा काढायचा, मग तो उन्हाळाभर कोरड्या मातीत किंवा वाळूत पडून राहिला तरी काही होत नाही, मृगाच्या आधी कोंब काढतो. तोपर्यंत थांबा.

गच्चीवाली_लातूर
दादा तुमच्या तोंडात साखर पडो. थांबते, पण यंदाचा मांडव बघून जीव तुटायलाय हो, रोज फुलं आणि रोज खाली सडा.

परभणी_बियाणं
कंद कशाला, फुलं पाठवा की! माळावरचे दादा, दुपारी चारच्या सुमाराला नर वेलाच्या त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या तोडायच्या. मोठी झालेली, टोकाला पिवळसर दिसणारी कळी कळतेच. डब्यात ओलं फडकं, वर कळ्या, झाकण सैल. लातूरला पोचेपर्यंत उमलतील. ताईंनी पाकळ्या मागं करून नराचे परागकण मादीच्या फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हातानं टेकवायचे. एका नराच्या फुलात दोन-तीन माद्या होतात. ज्या फुलाला लावलं त्याला रंगीत दोरा बांधा म्हणजे कळेल फरक.

माळावरचा
हे जमतंय. माझा भाचा रोज एसटीनं लातूरला क्लासला जातोय, संध्याकाळची बॅच आहे त्याची. त्याच्याजवळ देतो. व्यनि (खाजगी निरोप) बघा.

आत्या_तुळजापूर
नातू टाईप करून द्यायलाय. कर्टुल्याला एवढं लग्न लावायची पाळी आली का आता? आमच्या लहानपणी डोंगरावर जायचं आन ओटीभर आणायचं, कोण नर आन कोण मादी इचारत बसलं होतं. आता डोंगरच उघडे पडलेत. पोरगी, मला वाळकाचं बी पाहिजे, आमच्याकडचं बिघडलं. दिसायला वाळूकच हाय पण खायला निस्तं फिक्कं आन दोन दिवसांत फुटतंय. बदल्यात वाघाट्याचं बी देते, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला भाजी लागती ना.

परभणी_बियाणं
आत्या, वाळकाशेजारी शेंदाड किंवा खरबूज होतं का? ती सगळी एका गोताची आहेत, मधमाशी इकडचं तिकडं करते. त्या वर्षीचं फळ नीटच येतं, पण त्याचं बी धरून पेरलं की पुढच्या वर्षी शेंदाडाचे गुण दिसतात, फुटणं हा शेंदाडाचाच गुण. काकडीचं मात्र भ्या नाही, ती वेगळी. बी धरायचं असलं तर मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कापडाची पिशवी बांधा, सकाळी त्याच वाणाच्या नराचं फूल हातानं लावा, परत पिशवी बांधा आणि फळ धरलं की खूण करा. ते एक फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं, खायचं नाही.

आत्या_तुळजापूर
हाव, शेंदाड हाय बांधाला. नातवाला लई आवडतंय म्हणून ठिवलं. आता ह्याचंच ऐकायचं का वाळकाचं.

निवांत_नांदेड
सगळे खुशीत आहात तर मी जरा कडू बोलतो, राग मानू नका. मागं एका ग्रुपात अशीच देवाणघेवाण झाली होती आणि एका जास्वंदीच्या फांदीबरोबर मिलीबग (पिठ्या ढेकूण) असा आला की गच्चीवरची निम्मी झाडं पांढरी झाली. ज्यांनी दिली त्यांना माहीतही नव्हतं. त्यामुळं माझं म्हणणं: फांदी, कंद, रोप काहीही आलं तरी पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवायचं. माती झटकून, मुळं धुऊनच पाठवायचं, मातीतून सूत्रकृमी येतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, मुळाला गाठी दिसल्या की समजायचं. आणि पाण्यातली झाडं वाटताना दहादा विचार करा. जलपर्णी पण दक्षिण अमेरिकेतून फूल छान दिसतं म्हणूनच जगभर गेली, आमच्या गोदावरीत येऊन बघा काय झालंय. कुणाला टबातलं काही नको असेल तर उन्हात वाळवा, नाल्यात टाकू नका.

जालन्याची_मोसंबी
+१ निवांत. आमच्याकडून कुणीतरी मोसंबीचे डोळे (कलमाला) मागितले होते, मी नाहीच म्हणले, वाईट वाटलं असेल त्यांना. ग्रीनिंग रोग डोळ्यातून आणि सिट्रस सिला किडीतून पसरतो, एकदा झाडात शिरला की औषध नाही, झाड काढूनच टाकावं लागतं. जालन्याची मोसंबी म्हणजे आमचं घर चालतं त्याच्यावर. लिंबूवर्गीय रोप पाहिजे असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या, संभाजीनगरला हिमायत बागेत विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे तिथं चौकशी करा. आणि हो, ती पांढऱ्या, वासाच्या फुलांची कामिनी लोक हौसेनं वाटतात ना, तिच्यावर पण ती कीड राहते. बागेच्या जवळ लावायला देऊ नका कुणाला.

माझ्याकडं हनुमानफळाचं कलम आहे सीताफळाच्या खुंटावर बांधलेलं, त्याच्या काड्या देऊ शकते, हिवाळा संपता संपता घ्या. मला हिरवा चाफा पाहिजे.

निवांत_नांदेड
हिरवा चाफा आहे! पण फांदी लवकर मुळं धरत नाही, गुटी करून (झाडावरच फांदीला मुळं आणून) देतो, वेळ लागेल. फूल हिरवं असताना काही वास नाही आणि पिवळं पडायला लागलं की अख्खी गल्ली विचारते फणस कापला का. आमच्या बोअरच्या पाण्यावर तो बिचारा टिकलाय, अनंत मात्र दर उन्हाळ्यात पानं पिवळी, शिरा हिरव्या. जड पाणी आणि चुनखडीची माती, लोह असून झाडाला मिळत नाही.

जालन्याची_मोसंबी
हिराकस (फेरस सल्फेट) घालून फायदा नाही, आपल्या मातीत लगेच अडकतं. चिलेटेड लोह घ्या, ते ईडीडीएचए लिहिलेलं असतं पाकिटावर, महाग आहे पण लागतं थोडंच. आणि अनंताला पावसाचं पाणी साठवून द्या होईल तेवढं. गुटीचं चालेल, मला घाई नाही.

डोंगरखोरे
मी धारूरचा. नराचे कंद पाहिजेत तर घाटात भरपूर आहेत, दसऱ्यानंतर खोदून आणतो, सगळ्यांनी सांगा किती पाहिजे. कळलावीचे पण आणता येतील, आणि एका ठिकाणी कंदीलपुष्प बघितलंय, ते कुणाला हवं असेल तर त्याचं मात्र बदल्यात काहीतरी भारी द्या.

माळावरचा
नका आणू दादा. कर्टुल्याचं बी आणा पाहिजे तेवढं, फुलं आणा, पण डोंगरातला कंद काढला की तिथली जागा कायमची रिकामी. बाजारवाल्यांनी निम्मं नेलंच आहे, त्यात आपण हौसेवाल्यांनी हात मारायचा का.

परभणी_बियाणं
कंदीलपुष्पाला तर हातच लावू नका आणि जागा पण इथं लिहू नका. त्यातल्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या डोंगरावरच उरल्यात. कुंडीत ते जगतही नाही नीट. फोटो काढा, टाका, आम्ही बघून खूश.

कळलावीचं वेगळं सांगतो. तिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, सगळ्या झाडातच पण कंदात जास्त. आणि ती पण कर्टुल्यासारखीच हिवाळ्यात झोपते. तर दोन्ही कंद एका पिशवीत कधीच टाकू नका, कर्टुल्याचा कंद गोलसर असतो, कळलावीचा कोनात वाकलेला दोन पायांचा, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा लेकराला ते काय कळणार. पुडीवर मोठ्या अक्षरात नाव आणि "विषारी" लिहायचं. कंदाचं टोक जपायचं, कोंब तिथूनच येतो, टोक मोडलं की कंद गेला. घरात लहान मूल असेल तर मी म्हणतो लावूच नका.

डोंगरखोरे
बरं, नाही काढत. फोटो टाकतो. बी कसं उगवायचं ते सांगा मग, मागं कर्टुल्याचं बी पेरलं होतं, एकपण आलं नाही.

आत्या_तुळजापूर
बी कडक असतंय लेकरा. पिवळं होऊन फुटलेल्या फळाचं, आत लाल दिसतं ते बी घे, राखेत घोळून ठिव आन पुढच्या पावसाळ्याला टाक. काही त्या साली येतं, काही त्याच्या पुढच्या. बी टाकलेली जागा उकरायची न्हाई.

शहागंजवाला
मनीप्लांट कुणालाच नको ना? चोरून आणलेला आहे, एकदम असली. लोक म्हणतात चोरलेलाच वाढतो, माझा तर छतापर्यंत गेला.

निवांत_नांदेड
मग इथं देऊ नका, कुणीतरी येऊन चोरेल तेव्हाच त्याचं भलं होईल.

गच्चीवाली_लातूर
मंडळी अपडेट! डबा आला. भाचा बिचारा बसस्टँडवर हातात स्टीलचा डबा धरून उभा, म्हणे काकू मामांनी सांगितलं उलटा करू नका. घरी येऊन उघडला तर निम्म्या कळ्या उमललेल्या, मंद वास. मिस्टरांनी टॉर्च धरला, मी फुलं लावली, मुलगी दोरे बांधत होती आणि खिदळत होती की आई तुझ्या अक्षता टाकायच्या राहिल्या. दोरे संपले म्हणून शेवटी गाऊनच्या नाडीचे तुकडे केले. काही फुलं मुद्दाम तशीच सोडलीत, फरक बघायला.

माळावरचा
उद्या बी पाठवतो. भाच्याला क्लासमधली पोरं फुलवाला म्हणायलीत, पण जातोय.

गच्चीवाली_लातूर
आज परत लिहायलेय. नाडी बांधलेल्या बोंड्या फुगल्यात! सगळ्या नाही, पण बऱ्याच, हिरव्यागार, देठ ताठ. सोडलेल्या सगळ्या गळाल्या. फोटो टाकलाय बघा. परभणीकर, किती दिवसांनी तोडायची?

परभणी_बियाणं
मस्त! दोन आठवड्यांच्या आसपास, हिरवी आणि काटे मऊ असतानाच. बी कडक झालं की भाजीला चव नाही. दोन-तीन मात्र पिकू द्या, बी आत्यांच्या पद्धतीनं ठेवा, त्यातून तुमचा स्वतःचा नर निघेल. आणि यापुढं कुणालाही कंद देताना पुडीवर नर/मादी, गाव आणि साल लिहायचं असं करूया का सगळ्यांनीच? माहीत नसेल तर "फूल बघितलं नाही" असं लिहा, ते पण चालतं.

आत्या_तुळजापूर
कंद बदलायचे तर येळवशीला, म्हंजी मार्गशीर्षातल्या अमावस्येला, या की आमच्या शेतात. तवर सगळ्यांचे कंद झोपलेले असत्यात, थंडी असती, प्रवासात काही होत न्हाई. भज्जी आन आंबील हाय, खोप हाय, बसायला जागा हाय. तुळजापूर फाट्यावर उतरलं की नातू घ्यायला येईल. डबे मोकळे घेऊन या, भज्जी उरती.

जालन्याची_मोसंबी
येते. आमच्याकडं येळवस नसते, पहिल्यांदाच बघायला मिळेल. हनुमानफळाच्या काड्या तेव्हा कोवळ्या असतील, त्या नंतर पाठवते.

निवांत_नांदेड
मी गुटी घेऊन येतो, मुळं आली असतील तर. नाहीतर हात हलवत येईन आणि आंबील पिऊन जाईन.

हिंगोली_नवा
नमस्कार, आजच सदस्य झालो. तीन वर्षांखाली कर्टुल्याचं बी पेरलेलं, चार वेल आलेत, दणकून फुलं येतात पण कुणालाच खाली बोंडी नाही. चारही नर निघाले वाटतं. फळ नाही म्हणून ह्या रविवारी सगळे उपटून तिथं दोडका लावणार होतो. सहज शोधलं तर हा धागा सापडला. कुणाला पाहिजेत का?

गच्चीवाली_लातूर
दादा थांबा!! दोडका दुसरीकडं लावा.

माळावरचा
उपटू नका, दिवाळीपर्यंत तसेच राहू द्या, जागेवर खुंटी रोवून ठेवा म्हणजे वेल वाळल्यावर कंद सापडतील. एक तुमच्यासाठी ठेवा, तीन येळवशीला घेऊन या. तुम्हाला मादी मी देतो.

निवांत_नांदेड
तीनातला एक माझा. लिहून ठेवा.

शहागंजवाला
एक मला पण, संध्याकाळच्या शिफ्टवाला.